सांगलीत राहून कुटुंबांचा आणि किशोरवयाचा अभ्यास: एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मानसशास्त्रात एम. ए. पूर्ण केले आहे आणि किशोरवयीन मुले व त्यांची कुटुंबे यांचा अभ्यास हेच आपले आयुष्यभराचे काम व्हावे अशी तिची इच्छा आहे. "क्लिनिकल केले नाही तर या पदवीला काही अर्थ नाही" असे तिला सगळीकडून ऐकावे लागते, घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत, आणि पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय असे संशोधन होतच नाही असे तिच्या मनाने जवळजवळ घेतले आहे. सांगलीत राहून हे करता येईल का आणि सुरुवात कुठून करावी, असे ती विचारते.

मी याच विषयात सांगलीत अध्यापन, संशोधन आणि समुपदेशन करत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुम्ही विचारलेल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: परवाना कोणता हवा, गाव कोणते हवे आणि काम नेमके कोणते करायचे आहे. लोक तुम्हाला पहिल्या दोनांवर सल्ले देत आहेत. माझ्या मते तिसऱ्याचे उत्तर आधी ठरायला हवे, कारण त्यावर पहिली दोन्ही अवलंबून आहेत.

परवान्याचा भाग लवकर संपतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून व्यवसाय करायचा असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे, आणि त्या नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रमच पूर्ण करावा लागतो. या अभ्यासक्रमांच्या रचनेत अलीकडे बदल होत आहेत, म्हणून मैत्रिणीच्या ताईने काय केले होते यावर न विसंबता त्या त्या वर्षीची माहिती परिषदेकडूनच घ्या. मानसिक आजारांचे निदान आणि उपचार करायचे असतील तर हाच मार्ग आहे आणि त्याला पर्याय नाही. परंतु कुटुंबात मूल कसे वाढते, वडील-मुलाचे संबंध तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत कसे बदलतात, याचा अभ्यास करण्यासाठी ती नोंदणी लागत नाही. त्यासाठी पीएच. डी., संशोधनपद्धतींचे आणि संख्याशास्त्राचे पक्के शिक्षण आणि चांगला मार्गदर्शक लागतो.

पोटापाण्याचे मात्र स्पष्ट सांगते. सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊनही आपल्या भागात अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत, आणि त्या मानधनावर घर चालत नाही. शाळांमधील समुपदेशक, बालकांसाठी काम करणाऱ्या संस्था, किशोरवयीनांसाठीचे आरोग्य कार्यक्रम येथे काम मिळते, पण ते बहुधा कंत्राटी असते. घरून किती वर्षे आधार मिळू शकेल, तुमच्यावर कोणाची जबाबदारी आहे का, हे तुमचे तुम्हालाच माहीत आहे, आणि माझ्या पुढच्या साऱ्या सल्ल्याचे वजन त्यावरून कमी-जास्त होईल.

आता कामाकडे वळते. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत कुटुंब म्हणजे आईने भरलेली प्रश्नावली असते, कारण आई घरी सापडते. खानापूर-आटपाडी भागातील एका घराचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त दूर दक्षिणेत, घरी आई, आजी, नववीतला मुलगा आणि धाकटी बहीण. मी प्रत्येकाला वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारला: मुलगा दिवसभराची हकिगत घरी सांगतो का? आई म्हणाली, "सगळं सांगतो की, काय लपवत न्हाई." आजी म्हणाली, "त्यो मला सांगतो, आन् मी त्याच्या आईला सांगते." वडील फोनवर म्हणाले, "माझ्याशी मार्कांचंच बोलणं होतं." मुलगा गोठ्याच्या पायरीवर बसला होता. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आईनं पुढचं विचारू नये एवढ्यापुरतं सांगतो." या चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. त्या घरात एक बातमी मुलापासून आईपर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि वाटेत तिचे काय काय गळते, हे चार उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय दिसलेच नसते. माणसांची उत्तरे जुळली नाहीत की नवखे संशोधक त्यांची सरासरी काढतात. माझा सल्ला असा की त्या तफावतीलाच मोजमाप समजा, कारण त्या घराविषयी सर्वांत जास्त तीच सांगते.

या मुद्द्याला संशोधनाचा भक्कम आधार आहे. मुलांवर 'लक्ष ठेवणाऱ्या' पालकांची मुले कमी बिघडतात, असे अनेक वर्षे मानले जात होते. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी २००० साली दाखवून दिले की पालकांना मुलांविषयी जी माहिती असते ती मुख्यतः मुलांनी आपण होऊन सांगितलेली असते. चौकशी आणि बंधने यांतून मिळणारी माहिती त्या मानाने थोडी असते. म्हणजे ज्याला आपण पालकांची दक्षता समजत होतो ती बऱ्याच अंशी मुलाचा विश्वास होती. माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक आजही पहिला प्रश्न मोबाइल तपासण्याविषयीच विचारतात. त्यांच्या काळजीचा मी आदर करते, पण मोबाइल किती वेळा तपासला यापेक्षा मुलगी शेवटची कधी आपण होऊन काही सांगायला आली होती, हे मी आधी विचारते, आणि तिने सांगितले तेव्हा घरात काय घडले हे त्यानंतर. बहुतेक वेळा पुढचे सगळे बोलणे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराभोवतीच फिरते.

यातून एक अडचण निघते, आणि तुमच्या कारकिर्दीचा निर्णय खरे तर तिच्यापाशी अडला आहे. समजा तुम्हाला असे आढळले की कडक शिस्तीच्या घरांतील मुले घरी कमी बोलतात. आता शिस्त कडक होती म्हणून मूल गप्प झाले, की मूल गप्प झाले म्हणून घाबरलेल्या आईवडिलांनी शिस्त कडक केली? एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून याचे उत्तर कधीही मिळत नाही, मग तुम्ही कितीही मोठा नमुना घ्या. तीच घरे, तीच माणसे दरवर्षी पुन्हा भेटली तर आधी काय बदलले हे कळू लागते. ही अनुदैर्ध्य पद्धत महाग आहे, संथ आहे, आणि तिला एक गोष्ट अत्यावश्यक असते ती म्हणजे तिथेच राहणारा संशोधक. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत जन्मलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले सक्षम, माया लावणारी प्रौढ माणसे झाली, आणि त्यांच्या बाबतीत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे आजी-आजोबा, मावशी-काका किंवा शिक्षक यांपैकी निदान एका स्थिर माणसाचा भक्कम आधार. हा निष्कर्ष हाती यायला किती वर्षे जावी लागली असतील याचा विचार करा. आपल्या जवळही असे उदाहरण आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत केईएम रुग्णालयाने १९९० च्या दशकात गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची मुले मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. विषय वैद्यकीय असला तरी महाराष्ट्रातील खेड्यात लोक वर्षानुवर्षे संशोधकांना दार उघडतात, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

म्हणून माझे ठाम मत आहे की तुमचे खानापूर तालुक्यात असणे ही तुमची सर्वांत मोठी शैक्षणिक मालमत्ता आहे. पुण्यातून येणारा संशोधक दोन आठवडे राहून जातो. कोणते घर भाऊबंदकीत विभागले गेले, कोणत्या मुलीची शाळा दहावीनंतर सुटली, कोणता मुलगा भरती अकादमीत गेला, हे तुम्हाला एस. टी. स्टँडवरही कळेल. पाठपुराव्यातील सर्वांत मोठी गळती मुलींच्या लग्नामुळे होते. त्यासाठी पहिल्याच भेटीत, घरच्यांना विचारून, आई, मामा किंवा आत्या यांच्यापैकी एकाचा तरी जास्तीचा नंबर घेऊन ठेवावा. मुलगी सासरी गेली तरी माहेरची माणसे निरोप पोहोचवतात.

आणि इथे अभ्यासण्यासारखे काय आहे, असे तुम्ही विचाराल. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील सोने-चांदी गाळणारे लोक देशभर विखुरलेले आहेत. साताऱ्याच्या पाटण-जावळी भागातून पिढ्यान्पिढ्या माणसे मुंबईत माथाडी कामाला गेली, आणि अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत सैन्यात जाणे ही घराघरांतील परंपरा आहे. गाळपाच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर सांगली-सातारच्या कारखान्यांवर येतात. त्यांची किशोरवयीन मुले कधी सोबत येतात, कधी आजी-आजोबांजवळ मागे राहतात. पाठ्यपुस्तकात 'वडील घरात नसलेली कुटुंबे' म्हणून जे वाचायला मिळते ते मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतील घटस्फोटित कुटुंबांच्या संशोधनातून आलेले आहे. व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन यांनी अशा कुटुंबांचा वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा हे त्याचे उत्तम उदाहरण. ते काम मोलाचे आहेच. पण गलाईवाल्याच्या घरात वडील दिवाळीला आणि जत्रेला येतात, अकरावीला सायन्स घ्यायचे की कॉमर्स हे फोनवर तेच ठरवतात, रागावण्याचे काम चुलते करतात, आणि मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला दुकानावर बोलावून घ्यायचे का, हा प्रश्न सगळ्या घरावर टांगलेला असतो. या मुलाच्या मनात वडील किती आहेत आणि कसे आहेत, याचे उत्तर हेदरिंग्टन यांच्या निष्कर्षांतून मिळणार नाही. ते इथेच शोधावे लागेल.

सिद्धांत निवडताना हेच लक्षात ठेवा. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींची (हुकमी, समजावून शिस्त लावणारी आणि मोकळे सोडणारी) जी वर्गवारी केली ती आपल्याकडच्या प्रबंधांत जशीच्या तशी उतरवली जाते. रूथ चाओ यांनी १९९४ साली चिनी वंशाच्या कुटुंबांविषयी दाखवले की तिथल्या कडकपणाला मुलाला घडवण्याचा आणि माया करण्याचा अर्थ असतो, तो या वर्गवारीत बसत नाही. मला स्वतःला सर्वाधिक उपयोग झाला तो तुर्कस्तानच्या चिदेम कागित्चिबाशी यांच्या विचारांचा. शिक्षण आणि शहरीकरण वाढते तसे पालक मुलांकडून म्हातारपणीच्या आर्थिक आधाराची अपेक्षा कमी करतात, पण भावनिक जवळीक मात्र टिकून राहते, आणि म्हणून मूल स्वतंत्र विचारांचे व घट्ट नात्यांतले असे दोन्ही असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. स्वायत्तता म्हणजे घरापासून तुटणे हे गृहीतच त्यांनी मान्य केले नाही. विट्याची मुलगी पुण्याला होस्टेलवर राहून स्वतःचे निर्णय घेते आणि तरी रोज रात्री आईला फोन केल्याशिवाय झोपत नाही. तिच्याकडे पाहताना मला हा विचार फार खरा वाटतो.

मोजमापाची साधनेही अशीच तपासून घ्या. काही परदेशी प्रश्नावल्यांत मुलाची स्वायत्तता मोजताना त्याच्या स्वतंत्र खोलीविषयी विचारलेले असते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहतात तिथे हा प्रश्न स्वायत्तता मोजत नाही, घराचे क्षेत्रफळ मोजतो. आमच्याकडे त्याऐवजी मित्राला घरी आणायला परवानगी विचारावी लागते का, जत्रेत मिळालेले पैसे कोणाजवळ राहतात, शाखा निवडताना पहिल्यांदा कोणी तोंड उघडले, असे प्रश्न जास्त बोलके ठरतात. ऋतूचेही तसेच आहे. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढणी आणि बोर्डाची परीक्षा एकाच वेळी येतात. त्या महिन्यांत कुटुंबातील ताण मोजला आणि पुढच्या वर्षीचा जूनमध्ये मोजला, तर 'सुधारणा' दिसेल आणि ती खोटी असेल. दरवर्षी त्याच महिन्यांत जा. वडिलांना भेटायचे असेल तर ऑक्टोबर छाटणीचे दिवस टाळा, आणि गलाईवाल्यांसाठी मे महिना राखून ठेवा.

आता जबाबदारीचा भाग, ज्यावर मी विद्यार्थ्यांशी सर्वांत जास्त बोलते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागासाठी पालकांची संमती लागते, आणि बारा वर्षांपुढील मुलांचा स्वतःचा लेखी होकारही लागतो. हा दुसरा होकार आपल्याकडे केवळ औपचारिकता म्हणून घेतला जातो: वडील म्हणतात "कर गं सही", आणि मुलगी सही करते. तिला एकटीला, घरच्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, अंगणात किंवा ओसरीच्या टोकाला बसवून "नाही म्हटलेस तरी चालेल, घरी मी काही सांगणार नाही" हे सांगितल्याशिवाय त्या सहीला किंमत नाही. मुलाखत संपल्यावर आई हमखास विचारते, "काय म्हणाला हो?" तिला दुखावू नये आणि मुलाचा शब्दही मोडू नये यासाठी मी सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर सांगून ठेवते की प्रत्येकाचे बोलणे माझ्यापाशीच राहील, तुमचेही त्याला सांगणार नाही. आईला हे ऐकून बरे वाटते, कारण तिलाही काही सांगायचे असते. अपवाद मात्र त्याच वेळी सांगावा: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. हे आधी न सांगता मुलीचा विश्वास मिळवणे म्हणजे तिची फसवणूक आहे.

स्त्री म्हणून या कामात तुम्हाला एक दार सहज उघडते आणि एक बंद राहते. स्वयंपाकघरात, चुलीपाशी तुम्हाला पाट मिळेल, आणि तिथे जे ऐकायला मिळेल ते पुरुष संशोधकाला कधीच मिळणार नाही. पण वडील तुमच्यासमोर औपचारिक बोलतील किंवा उठून बाहेर जातील. त्यांची मुलाखत घरात घेऊ नका. बागेत, दुकानावर, त्यांच्या कामाच्या जागी भेटा, आणि शक्य असेल तर पुरुष सहकारी सोबत घ्या. वडिलांना वगळून केलेला कुटुंबाचा अभ्यास मला अपुरा वाटतो.

लग्नाविषयी तुम्ही संकोचाने एकच ओळ लिहिली आहे. तुमच्या घरची परिस्थिती मला ठाऊक नाही, त्यामुळे थांबा किंवा करा असे मी सांगणार नाही. एवढे मात्र नक्की करा की बोलणी चालू असतानाच, स्वतःच्या तोंडाने, होणाऱ्या नवऱ्याला या कामाचे स्वरूप सांगा: गावोगाव फिरावे लागते, माणसे संध्याकाळीच घरी भेटतात म्हणून परतायला उशीर होतो, आणि पीएच. डी. ला वर्षे लागतात. "लग्नानंतर शिकू देऊ" एवढ्या मोघम शब्दावर समाधान मानू नका. सासर सातारा, सांगली किंवा कोल्हापुरात असेल तर शिवाजी विद्यापीठाची कक्षाही तीच राहील आणि तुमचे क्षेत्रही. बाळंतपणात एखादी फेरी चुकली तरी अशा अभ्यासात ते भरून निघण्यासारखे असते, आणि आपल्या मूळ कुटुंबांकडे पुन्हा जाण्याची वाट बंद होत नाही.

पुण्या-मुंबईविषयी माझे म्हणणे असे की शिकण्यासाठी जरूर जा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानवी विकास आणि कुटुंब अभ्यासाची जुनी परंपरा आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिथल्या कार्यशाळा, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, शक्य झाल्यास दोन वर्षांचे शिक्षण घ्या. संख्याशास्त्र मात्र मनावर घ्या. एकाच घरातील चार माणसांची उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नसतात, त्यांचे विश्लेषण साध्या सहसंबंधाने होत नाही, आणि त्यासाठी लागणारी 'आर' ही संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. शोधगंगेवर देशभरातील प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयावरचे चांगले आणि वाईट दोन्ही वाचा.

या वर्षभरात सेटची तयारी चालू ठेवून एक छोटे काम करा. घरापासून एस. टी. ने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असे एक गाव निवडा, पण ते तुमच्या भावकीचे नसावे. तिथल्या मुख्याध्यापकांना आणि अंगणवाडी सेविकांना भेटा, नववीतील मुले असलेली थोडीच घरे घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे रीतसर संमती घेऊन प्रत्येक घरातल्या प्रत्येकाशी वेगळे बोला. त्याच दिवशी रात्री टिपणे उतरवून काढा, नावांच्या जागी क्रमांक घाला आणि नावांची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा. सहा महिन्यांनी त्याच घरांत पुन्हा जा. मार्गदर्शक प्राध्यापकांकडे जाल तेव्हा "विषय द्या" म्हणत जाऊ नका. ही टिपणे आणि दोन भेटींमध्ये काय बदलले याचे चार-पाच पानी टाचण त्यांच्यापुढे ठेवा, आणि जे मार्गदर्शक ते वाचून तुम्हाला उलट प्रश्न विचारतील त्यांच्याकडेच नाव नोंदवा.